एकट्यासाठी योगशिक्षक: आठ महिन्यांनंतर

कोल्हापूरच्या तालमीत जोर-बैठका सगळे एकदम मारतात, पण डाव शिकवायची वेळ आली की वस्ताद एकेकाला कुस्तीच्या मातीच्या हौद्यात घेतो. आसनांचंही तसंच आहे. आठवड्याला दोन वैयक्तिक सत्रं आणि आणखी चार दिवस घरी सराव, असा क्रम आठ महिने चालल्यावर हे ठामपणे लिहिता येतं.

साधा हिशेब करा. रंकाळ्याकडचा किंवा राजारामपुरीतला सकाळचा वर्ग तासाचा धरला, त्यातून प्रार्थना आणि शवासन वजा केलं, तर उरतात 45 मिनिटं. समोर 25 माणसं असली तर एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटंसुद्धा येत नाहीत. यात शिक्षकाचा दोष नाही. पण शेजारच्याचं कपाळ गुडघ्याला टेकलेलं दिसतं आणि आपणही ओढून टेकवतो, ते इथेच.

पश्चिमोत्तानासनातच, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, हे सगळ्यात जास्त नडतं. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असले की बैठकीची हाडं मागे कलंडतात आणि सगळा वाक कमरेच्या खालच्या मणक्यांत येतो. मणक्यांमधल्या चकतीवर दाब वाढतो, दुसऱ्या दिवशी खाली वाकताना कमर धरते. वैयक्तिक सत्रात पहिली दुरुस्ती बसण्याची होते: चादरीची 3 ते 4 इंचांची घट्ट घडी, तिच्या कडेवर बैठक, गुडघे किंचित मोकळे, तळव्यांभोवती पट्टा. ओढणीही चालते. छाती पुढे न्यायची, डोकं नाही. पोट आणि मांडीत वीतभर अंतर राहिलं तरी हरकत नाही. पाच-सहा श्वास, असं तीन वेळा. घडीचा एक पदर काढायचा तो पाठ लांब राहत असेल तरच, तारीख बघून नाही.

दुसरी जागा मनगटाची. सूर्यनमस्काराने मनगट दुखतं अशी तक्रार फार ऐकू येते. बहुतेक वेळा सगळं वजन तळहाताच्या टाचेवर असतं आणि तर्जनीचं मूळ जमिनीवरून उचललेलं असतं. शिक्षक त्याखाली आपलं बोट सरकवून दाखवतो, ते सहज आत जातं. बोटं पसरून तर्जनी आणि अंगठ्याचं मूळ दाबलं की मनगटावरचा भार तिथल्या तिथे हलका होतो. वर्षभर चुकीचे बारा-बारा नमस्कार घालण्यापेक्षा असे चार बरे.

पद्मासन गुडघ्याने घालायचं नसतं, खुब्यातून पाय वळत नसेल तर अर्धपद्मासनही थांबवायचं. एवढंच.

प्रकृतीनुसार काय वगळायचं, हा भाग पैसे वसूल करून देतो. ‘सगळ्यांनी कपालभातीचे शंभर ठोके’ ही सूचना उच्च रक्तदाब किंवा हर्निया असणाऱ्याला लागू नाही. सर्वांगासन उच्च रक्तदाब, काचबिंदू आणि मानेच्या दुखण्यात टाळायचं. त्याजागी पोटऱ्या खुर्चीवर ठेवून उताणं पडायचं. प्राणायामात आधी श्वास 4 मोजत आत, 4 मोजत बाहेर. घुसमट होत नसेल तरच उच्छ्वास 6 पर्यंत. कुंभकाची, म्हणजे श्वास रोखून धरण्याची, घाई करणारा शिक्षक नको.

पहिल्याच दिवशी आजार, शस्त्रक्रिया, औषधं, बाळंतपण न विचारता थेट आसनांना सुरुवात करणाराही नको. आणि पाठीवर बसून किंवा जोराने दाबून वाकवणारा तर अजिबात नको. हाताचा स्पर्श दिशा दाखवायला असतो.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. फी गटवर्गाच्या कितीतरी पट पडते. समोर कुणी नसलं की घरचा सराव बुडतो. गटाची शिस्त इथे स्वतःच पाळावी लागते. म्हणून आसनं नीट बसल्यावर महिन्यातून दोनच सत्रं ठेवून बाकी दिवस गटवर्गाला जाणं आम्हाला सगळ्यात योग्य वाटतं. ऑनलाइन सत्र घेत असाल तर मोबाइल समोर नको, बाजूला आणि बसल्यावर बेंबीच्या उंचीवर ठेवा. पाठीचा वाक बाजूनेच दिसतो.

रविवारच्या तांबड्या-पांढऱ्यानंतर चार तास सोडा. पावसाळ्यात मॅट दमट राहते आणि अधोमुख श्वानासनात (हात-पाय टेकून कंबर वर उचलताना) हात सरकतात, तेव्हा खाली सतरंजी न घालता मॅट थेट फरशीवर पसरा आणि सराव झाला की उभी करून वाळवा.