एनएलई कॅल्क: चांगले ॲप, पण पहिले गणित वहीत करा

औद्योगिक अभियांत्रिकीत एम.टेक. करताना एर्गोनॉमिक्स (काम माणसाच्या शरीराला जुळवून घेण्याचे शास्त्र) घेतले, की ओझे उचलण्याच्या कामाचे मूल्यमापन करावेच लागते. त्यासाठी अमेरिकेच्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेले सूत्र वापरतात. त्याच संस्थेचे ‘एनएलई कॅल्क’ हे मोबाइल ॲप फुकट आहे. ते हिशेब बिनचूक करते. प्रकल्प अहवाल फसतात ते त्यात भरलेल्या मापांमुळे.

सूत्र २३ किलोपासून सुरू होते. ओझे शरीरालगत, हात ७५ सेंमी उंचीवर, पकड चांगली, कंबर न वळवता आणि क्वचितच उचलायचे, ही आदर्श स्थिती. काम त्यापासून जितके दूर, तितके सहा गुणक हा आकडा खाली खेचतात. उरतो तो आकडा म्हणजे शिफारस वजन. प्रत्यक्ष वजनाला त्याने भागले की लिफ्टिंग इंडेक्स मिळतो. तो १ च्या वर गेला की काम बदलायला हवे.

एक उदाहरण घ्या. १५ किलोचे खोके पॅलेटवरून (माल रचायच्या फळीवरून) कन्व्हेयरवर ठेवायचे आहे. आडवे अंतर ४० सेंमी, हातांची उंची सुरुवातीला २० आणि शेवटी ९० सेंमी, वळण ४५ अंश, मिनिटाला ४ खोकी, पूर्ण पाळी, पकड मध्यम. आडवे अंतर, सुरुवातीची उंची, वर नेण्याचे अंतर, वळण, वेग आणि पकड यांचे गुणक अनुक्रमे ०.६२५, ०.८३५, ०.८८४, ०.८५६, ०.४५ आणि ०.९५. शिफारस वजन येते जेमतेम ३.९ किलो, इंडेक्स ३.९. आता पॅलेट उचलून हात ७५ सेंमीवर आणा: इंडेक्स २.७. वेग निम्मा करा: १.९. खोके शरीराजवळ, २५ सेंमीवर घ्या: १.२. वळण काढून टाका, तेव्हा कुठे १. कोणता बदल किती उपयोगी, हे ॲपमध्ये आकडे बदलून लगेच दिसते आणि शिकणाऱ्यासाठी हाच त्याचा खरा फायदा आहे. मात्र वेगाचा ०.४५ हा आकडा तक्त्यातून कसा आला, हे वहीत एकदा करून पाहिल्याशिवाय व्हायव्हात सांगता येत नाही.

सर्वाधिक चुका आडव्या अंतरात होतात. ते पोटापासून किंवा बुटाच्या टोकापासून मोजायचे नसते. दोन्ही घोट्यांच्या आतल्या हाडांमधला मध्यबिंदू आणि दोन्ही हातांच्या पकडीचा मध्य, यांतले जमिनीवरचे अंतर घ्यायचे. गवंड्याचा ओळंबा पकडीच्या मध्यावरून सोडला की जमिनीवर नेमकी खूण मिळते. वरच्या उदाहरणात ४० ऐवजी ३० सेंमी लिहिले, तर इंडेक्स ३.९ वरून २.९ वर उतरतो. काम तेवढेच घातक, कागदावर मात्र सौम्य. उंचीही खोक्याच्या तळाची नव्हे, हातांची. वेग किमान १५ मिनिटांच्या निरीक्षणाची सरासरी म्हणून काढा, कारण पाळीच्या सुरुवातीची गडबड नेहमीची नसते. आणि खोके अलगद, नेमक्या जागी ठेवावे लागत असेल, तर शेवटच्या स्थितीचेही वेगळे गणित करा. जास्त आलेला इंडेक्स अहवालात द्या.

मोठी अडचण सूत्राच्या मर्यादांची आहे. एका हाताने, बसून, गुडघ्यावर किंवा अडचणीच्या जागेत उचलणे, ढकलणे-ओढणे, ओझे घेऊन चालणे, यांतले काहीच त्यात बसत नाही. तापमान १९ ते २६ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ३५ ते ५० टक्के गृहीत धरली आहे. मुंबई-ठाण्यातल्या वातानुकूलित नसलेल्या गोदामात पावसाळ्यात हे जमणे अशक्यच. त्यामुळे तिथे इंडेक्स १ आला तरी काम सुरक्षित आहे असे लिहू नका. उष्णतेचा ताण वेगळा मोजा. २३ किलोचा आधारही भारतीय कामगारांच्या मोजमापांतून आलेला नाही, हे अहवालात स्पष्ट नोंदवा.

बाजार समितीतल्या हमालांवर प्रकल्प करणाऱ्यांनी तर विशेष जपावे. युरियाचे पोते २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोचे झाले. आदर्श स्थितीतही ४५ भागिले २३ म्हणजे १.९६, इतके सांगायला सूत्र पुरते. पण पोते पाठीवर घेऊन ट्रकपर्यंत जाणे हे वाहून नेणे आहे. हाताने वाहून नेण्यासाठी स्नूक आणि सिरिएलो या संशोधकांचे १९९१ चे तक्ते आहेत; पाठीवरच्या पोत्यासाठी तेही थेट लागू नाहीत. तिथे हृदयगती मोजा, ‘रेबा’ या संपूर्ण शरीराच्या गुणांकन पद्धतीने शरीरस्थिती तपासा आणि ॲप फक्त थप्पीवरून पोते उचलण्याच्या क्षणापुरते वापरा.