नोटपॅड प्लस प्लस : रंग-फॉन्टचा कारभार आतून पाह्यला

नोटपॅड प्लस प्लस, म्हणजे विंडोजवर कोड लिहायचा एडिटर, रोज वापरणारे आपल्याकडं लय आहेत, पण त्याचा सोर्स कोड (तो ज्याच्यातून बनला तो मूळ कोड) उघडून पाहणारे कमीच, म्हणून हा रिव्ह्यू फक्त एका कोपऱ्याचा, म्हणजे फॉन्ट अन् रंगाची माहिती हा एडिटर ठेवते कुठं अन् वापरते कशी. काहून म्हणाल तर आमच्या वर्ध्याकडच्या उन्हाळ्यात टिनाच्या छपरीत लॅपटॉप घेऊन बसलं की काळ्या थीममधी कोड कमी अन् आपलंच थोबाड जास्त दिसते, अन् पांढऱ्यावर फिक्कट कॉमेंट (कोडमधी माणसासाठी लिहिलेली टीप) असली तर तीही गायब. रंग तर बदलायचेच होते, मंग म्हणलं पाहूच बावा आतमधी काय भानगड आहे.

पहिली गोष्ट, रंग कोडमधी ठोकून ठेवलेले नाहीत, अन् हेच मले सगळ्यात आवडलं. स्टायलर्स डॉट एक्सएमएल नावाची फाईल आहे, तिच्यात प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेच्या कॉमेंट, स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर), कीवर्ड (भाषेचे राखीव शब्द) यांसाठी एकेक ओळ, त्या ओळीत स्टाईलचा नंबर, अक्षराचा रंग, मागचा रंग, फॉन्टचं नाव, साईज. ठळक-तिरक्याचा एकच आकडा : ठळक १, तिरकं २, अंडरलाईन ४, अन् ठळक-तिरकं दोन्ही पायजे तर ३. बहुतेक ओळींत फॉन्टची जागा रिकामीच दिसते, तर घाबरू नका, रिकामं म्हणजे किराणा दुकानात पोरानं बापाच्या खात्यावर लिहून घेतलं तसं, डिफॉल्ट म्हणजे मूळ स्टाईलकडून घ्यायचं.

हा बाप म्हणजे स्टाईल नंबर ३२. हा नंबर सिंटिला इंजिनचा, म्हणजे एडिटरच्या आत मजकूर दाखवायचं काम करणाऱ्या भागाचा आहे, डॉन हो यांनी २००३ मधी एडिटर काढला तो नील हॉजसन यांच्या ह्याच इंजिनावर. कोडमधी आधी ३२ नंबर सेट होते, मंग 'क्लिअर ऑल'चा मेसेज जाते, तो ३२ चा फॉन्ट-रंग सगळ्या स्टाईलवर कॉपी करते, अन् त्याच्यानंतर भाषेचे स्वतःचे रंग वरून चढतात. हा क्रम उलटा केला तर सगळे रंग पुसल्या जातील, म्हणून प्लगिन (एडिटरले जोडायचे छोटे प्रोग्राम) लिहिणाऱ्या पोरांनो हे आधी वाचा.

दुसरी मजा रंगाच्या आकड्याची. फाईलमधी लाल म्हणजे एफएफ००००, वेब पेजवाल्यांना ओळखीचं. पण विंडोजले अन् सिंटिलाले उलटं लागते, निळा आधी, लाल शेवटी. फाईल वाचतानाच कोड ही अदलाबदल करून घेते म्हणून आपल्याले पत्ता लागत नाही, पण तोच आकडा सरळ इंजिनले पाठवला तर लाल मागितला अन् निळा आला असा प्रकार होते.

मराठी कॉमेंटवाल्यांसाठी : कुरिअर न्यूमधी देवनागरी अक्षरंच नाहीत, त्यामुळं विंडोज गुपचूप दुसरा फॉन्ट लावते, बहुतेक निर्मला यूआय हा विंडोजचाच फॉन्ट. त्याले खरा तिरका कट नाही, म्हणून ज्या थीममधी कॉमेंट तिरकी ठेवली आहे तिथं वाकवलेली मराठी दिसते, वाचवत नाही. त्या ओळीतला तिरक्याचा तो २ काढून शून्य करा, फरक लगेच दिसते. कॉलम मात्र जुळणार नाहीत, देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसतेच. अन् सिंटिला मजकुराच्या प्रत्येक बाईटमागं स्टाईलचा एक बाईट ठेवते, यूटीएफ-८ (अक्षरं बाईटमधी साठवायची पद्धत) मधी आपलं एक 'क' तीन बाईटचं, म्हणजे एका 'क' साठी स्टाईलचेही तीन. आजच्या मेमरीत ह्याचं काही वाटत नाही, पण ऐकायला भारी आहे.

आता जे नाही आवडलं ते. रंग-फॉन्टच्या ह्या फायली वाचायचं काम सोर्स कोडमधल्या पॅरामीटर्स डॉट सीपीपी ह्या एकाच फाईलवर टाकलं आहे, अन् तिथंच शॉर्टकट, सेशन, भाषांची यादी, युजरची सेटिंग, सगळं कोंबलेलं, हजारो ओळी, रंगाचा धागा पकडता पकडता जीव जाते. अन् प्रत्येक थीम म्हणजे भाषांची सगळी यादी परत लिहिलेली वेगळी फाईल, एकीत पीएचपीची कॉमेंट गडद केली तर दुसरीत तेच हातानं परत करा. फॉन्टपुरता 'ग्लोबल ओव्हरराईड'चा चेकबॉक्स आहे, त्यानं थोडी सुटका होते, पण तो लावला की एखाद्या भाषेले वेगळा फॉन्ट दिलेला असला तर तोही झाकल्या जाते.

थीमच्या रचनेले पाचपैकी चार, ती पॅरामीटर्सची फाईल वाचायच्या अनुभवाले अडीच. व्हीएस कोड हा दुसरा एडिटर वापरणारे हसतील, हसू द्या, इथं नेट चालेल तेव्हा चालते अन् जुन्या मशीनवर तो जड जाते. नोटपॅड प्लस प्लसची झिपवाली कॉपी घ्या, फोल्डरमधी डूलोकलकॉन्फ डॉट एक्सएमएल असल्याची खात्री करा, म्हणजे रंग-फॉन्ट सगळे त्याच फोल्डरमधी राहतात अन् पेन ड्राईव्ह कॉम्प्युटर सेंटरच्या कोणत्याही मशीनले लावला तरी आपलीच थीम उघडते.