केशरच्या जागी आलेला मासा

बाबांच्या टाकीत आत्ता जो मासा फिरतोय, ती केशर नाही. केशर आमच्याकडे सव्वाचार वर्षं होती. आई गेली त्याच्या आदल्या दिवाळीत तिनेच हा ओरांडा जातीचा गोल्डफिश हौसेने आणला होता. आई गेल्यापासून बाबांची संध्याकाळ त्या टाकीसमोरच जाते. हे आधी सांगते, कारण एका माशासाठी साडेसहा हजार रुपये का घातले, असं बऱ्याच जणांनी विचारलं.

जानेवारीत थंडी ऐन भरात असताना एका सकाळी केशर पोट वर करून तरंगत होती. गेलीच असं वाटलं, पण कल्ले हलत होते. शेपटी मारून वीतभर खाली जायची आणि बुचासारखी परत वर यायची. पोटाचा जो भाग पाण्याबाहेर राहत होता, तिथली कातडी कोरडी पडून लाल व्हायला लागली होती. बाबा वाटीने त्यावर पाणी घालत बसले होते.

आम्ही खाद्य आणतो तिथे भेटलेल्या एका गिऱ्हाइकाने नंबर दिला. ‘फिश डॉक्टर’ आहेत, घरी येतात म्हणाला. तो माणूस त्याच दुपारी आमच्याकडे कर्वेनगरला आला. मासा हातात घेतला, दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाला, “काका, पोटातली हवेची पिशवी बिघडलीय. दोन दिवस काढेल फार तर. माझ्याकडे हॉस्पिटल टँक आहे, तिथे ठेवावं लागेल.” लेबल नसलेल्या बाटलीतलं गर्द निळं औषध त्याने टाकीत ओतलं. इम्पोर्टेड आहे, आता पाणी अजिबात बदलू नका, असं बजावलं. केशरला पिशवीत घालून तो घेऊन गेला. व्हिजिटचे ५००, औषधाचे १२०० तिथल्या तिथे दिले. बिल मागितलं तर म्हणाला, “ताई, बरी झाली की एकदमच देतो.”

मग रोजचे ३५० सुरू झाले. हवा काढायच्या इंजेक्शनचे ९५० वेगळे. बाबा रोज विचारायचे, येऊन बघू का? उत्तर एकच: बाहेरच्या माणसामुळे इन्फेक्शन होतं. त्याऐवजी फोटो यायचे. सहाव्या दिवशी आलेल्या फोटोत केशर अगदी सरळ पोहत होती. बाबांनी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मी नंतर तोच फोटो मोठा करून पाहिला तेव्हा कोपऱ्यात आमच्याच खिडकीचे गज दिसले. बाबांनीच पहिल्या दिवशी त्याला पाठवलेला जुना फोटो त्याने कडा कापून परत पाठवला होता. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

अकराव्या दिवशी मासा घरी आला. छान सरळ पोहत होता. बाबांचे डोळे भरून आले. पण मला काहीतरी खटकत होतं. केशरच्या शेपटीच्या बुडाशी काळा डाग होता, तो नव्हता. त्याचं उत्तर तयार होतं: गोल्डफिश रंग बदलतात. ते खरंच आहे, वयाबरोबर त्यांचा काळा रंग फिका होऊन जातोही. म्हणून मी गप्प बसले. बाबा मात्र रात्री टॉर्च घेऊन टाकीशी गेले. केशरच्या पाठीवरच्या पराचा पहिला जाड काटा दोन वर्षांपूर्वी फिल्टरमध्ये अडकून मोडला होता आणि वाकडाच जुळला होता. आईच्या शिवणातल्या वाकलेल्या सुईसारखा दिसतो, असं बाबा म्हणायचे. या माशाचा काटा सरळ होता. अकरा दिवसांत रंग उतरू शकतो, पण वाकडा जुळलेला काटा सरळ होत नाही. बाबा टॉर्च बंद करून बराच वेळ अंधारातच बसले.

बाबांनी फोन केला तर तो माणूस आधी चिडला, मग त्याने बाबांचा नंबर ब्लॉक केला.

पुढचं मात्र सगळ्या मासे पाळणाऱ्यांना कळायला हवं. नऊ दिवसांनी हा नवीन मासाही तिरका व्हायला लागला. या वेळी मी शोधून एका नोंदणीकृत पशुवैद्य बाईंना व्हिडिओ दाखवला. त्यांनी माशाबद्दल विचारण्याआधी पाण्याबद्दल विचारलं. टाकी किती लिटरची, खाद्य कोणतं, दिवसातून किती वेळा, पाणी तपासलं का? माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारा विषारी अमोनिया मोजायचं थेंबांचं किट आणायला लावलं. अमोनिया नसेल तर पिवळं राहणारं पाणी आमच्याकडे हिरवंगार झालं. निळं औषध बहुतेक मिथिलीन ब्लू असावं, असं त्या म्हणाल्या. टाकीच्या काचांमधलं सिलिकॉन अजून निळं आहे, ते पाहूनच त्यांना शंका आली. हे औषध बुरशीवर वापरतात, पण फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणूही त्याने मरतात. ते पुन्हा वाढायला कित्येक आठवडे लागतात. म्हणजे त्याने आमची चांगली चाललेली टाकीच विषारी करून ठेवली होती.

गोल्डफिशला पाण्यात तोलून धरणारी हवेची पिशवी दोन कप्प्यांची असते आणि नळीने घशाला जोडलेली असते. ओरांडासारख्या गोलमटोल जातींत सगळे अवयव आखूड पोटात दाटीने बसलेले असतात. गोल्डफिशला जठरही नसतं. वर तरंगणाऱ्या कोरड्या गोळ्या खाताना हवा गिळली, खाणं जास्त झालं, थंडीत पचन मंदावलं, की मासा तरंगायला लागतो. बाबा प्रेमाने दिवसातून तीनदा त्याच गोळ्या घालत होते. केशरचंही बहुधा तेच झालं असावं.

बाईंनी सांगितलं ते असं. क्लोरीन काढलेलं, टाकीइतक्याच तापमानाचं पाणी घेऊन थोडं थोडं पाणी रोज बदला. हीटर लावून तापमान हळूहळू २४ अंशांच्या आसपास आणा. पाण्याची उंची कमी करा, म्हणजे माशाला धडपडावं लागत नाही. दोन-तीन दिवस काहीही खायला घालू नका. मग मंडईतून ताजा मटार आणून, उकडून, साल काढून, दाणा चिमटीत कुस्करून तेवढाच द्या. पुढे बुडणाऱ्या गोळ्या, त्याही भिजवून. पाचव्या दिवशी मासा सरळ झाला. सगळेच होतात असं नाही. जंतुसंसर्ग किंवा गाठ असेल तर हे उपाय पुरत नाहीत आणि काही मासे जन्मभर तिरकेच पोहतात. हवा सुईने काढायची तर आधी एक्स-रे काढून पिशवी नेमकी कुठे आहे ते बघतात, आणि पुष्कळदा ती परत भरते. आमच्याकडून ९५० घेताना एक्स-रेचं नावसुद्धा निघालं नव्हतं.

कुणी तुमचा आजारी मासा घरातून न्यायचं म्हणालं आणि बघायला येऊ देत नसेल, तर देऊ नका. द्यायचाच असेल तर आधी पर, काटे, खवले यांचे जवळून फोटो काढून ठेवा. नुसत्या रंगावर विसंबू नका. पाणी न तपासता औषध ओतणाऱ्याला तिथेच थांबवा. नोंदणी क्रमांक विचारा. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी असल्याशिवाय कुणाला पशुवैद्य म्हणून व्यवसाय करता येत नाही. त्याला हा प्रश्न मी विचारलाच नाही, हे मला अजून बोचतं.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. बिल नाही, पण यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपचे सगळे मेसेज जपून ठेवलेत, त्या फोटोसकट.

बाबांनी या माशाला अजून नाव ठेवलेलं नाही. त्याच्यासाठी मटार मात्र तेच सोलतात. केशरचं काय झालं, एवढं तरी सांगा, असा मेसेज त्यांनी त्या माणसाला माझ्या फोनवरून पाठवला होता. दोन निळ्या खुणा दिसल्या, पण उत्तर आलं नाही.