नेम्डटपल: कापसाच्या अख्ख्या हंगामानंतर

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगच्या काट्यावरचा पायथन प्रोग्राम मी सांभाळतो. आधी प्रत्येक गाडीची नोंद म्हणजे साधा टपल होता, म्हणजे ओळीने ठेवलेल्या किमती, ज्या फक्त क्रमांकाने काढता येतात. कोडमध्ये जिकडेतिकडे नोंद[१], नोंद[२]. भरलेल्या गाडीचं वजन कोणतं आणि रिकामीचं कोणतं, काही कळायचं नाही. दोन्ही आकडे किलोतच.

दसऱ्याला आवक सुरू होताना सगळं नेम्डटपलवर आणलं, म्हणजे असा टपल ज्यात प्रत्येक किमतीला नाव असतं. पायथनमध्ये ही सोय २.६ आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून आहे. आता निव्वळ वजन काढणारी ओळ अशी दिसते: निव्वळ = नोंद.भरलेली - नोंद.रिकामी. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात, म्हणून काटापावतीवरचेच शब्द घेतले. काट्यावरच्या दादांनी कधी कोड लिहिला नाही, पण ही ओळ वाचून हिशेब बरोबर की चूक ते सांगतात. मला यापेक्षा मोठा फायदा दुसरा वाटत नाही. फक्त नावं साधी ठेवा. काही कीबोर्ड जोडाक्षरात न दिसणारं चिन्ह घुसवतात आणि पायथन ते स्वीकारत नाही.

जुना क्रमांकवाला कोडही चालत राहतो, त्यामुळे बदल सवडीने करता आला. जुना संगणकही कुरकुरला नाही, कारण नावं प्रत्येक नोंदीत साठत नाहीत. ऐन हंगामात गाडी क्रमांकाचा रकाना वाढवला. तो शेवटी टाकून डिफॉल्ट किंमत (काही न दिल्यास आपोआप धरली जाणारी) दिली, ही सोय ३.७ पासूनची. नावाने वाचणाऱ्या ओळींना धक्का लागला नाही. चार नावांत एकदम उलगडणाऱ्या ओळी मात्र अडल्या, त्या शोधून दुरुस्त कराव्या लागल्या.

नोंद एकदा बनली की बदलत नाही, हे काट्याच्या कामाला फारच योग्य. हमीभावाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांवर गेला की कपात, १२ च्या वर गेला तर माल परत. ओलावा पुन्हा मोजला, तर नेम्डटपलची _रिप्लेस ही सोय बदललेल्या आकड्याची नवी नोंद देते आणि जुनी तशीच राहते. शेतकऱ्याला दोन्ही दाखवता येतात.

एक गोष्ट खटकली, आणि तिचा संबंध पैशाशी येतो. नेम्डटपल शेवटी टपलच. तुलना करताना नावं बघितलीच जात नाहीत. उचल(पावती=४१२, रक्कम=५०००) आणि चुकारा(पावती=४१२, रक्कम=५०००) या दोन नोंदी पायथनला समान वाटतात! दुबार नोंद पकडणाऱ्या तपासणीत हे चालणार नाही. त्यामुळे पैशाच्या नोंदी फ्रोझन डेटाक्लासवर नेल्या, हा पायथनमधला नोंदीचा दुसरा, तसाच न बदलणारा प्रकार. तिथे तुलनेत नोंद उचलीची की चुकाऱ्याची, हा प्रकारही बघितला जातो. काट्याच्या नोंदी नेम्डटपलमध्येच आहेत, त्या हलवायची गरज मला दिसत नाही.