आधी मुलाखती की आधी छायाचित्रे?

नवी मुंबईच्या एका मूळ गावातील तरुणांपुढे प्रश्न आहे: तुटपुंज्या वर्गणीत वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात की घरोघरचे जुने फोटो स्कॅन करावेत?

खर्चात फारसा फरक नाही. मोबाइल आणि साधा कॉलर माइक मुलाखतीला पुरतो, तर फोटोंसाठी ६०० डीपीआयचा (दर इंचाला ६०० ठिपके टिपणारा) घरगुती स्कॅनर चालतो. श्रमांत मात्र मोठी तफावत आहे. फोटो काही मिनिटांत स्कॅन होतो, पण तासाभराच्या आगरी बोलीतील मुलाखतीचे लेखन करायला चार-सहा तास सहज लागतात, आणि ते बोली समजणाऱ्यानेच करावे लागते.

टिकाऊपणाचा विचार केला तर चिकट पानांच्या अल्बममधील रंगीत फोटो खाडीकाठच्या दमट हवेत फिके पडतात, बुरशीही धरतात. तरी ते काही वर्षे थांबतील. माणूस थांबेलच असे नाही. १९७० साली नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था सिडको स्थापन झाली तेव्हा विशीत असलेले आज सत्तरीपार आहेत. भूसंपादनाची नोटीस आल्यावर घरात काय बोलणे झाले, भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी झालेल्या १९८४ च्या जासई आंदोलनात कोण कुठे होते, हे फोटो सांगत नाही. उलट मिठागराचा बांध नेमका कसा होता, हे स्मरणापेक्षा फोटो खात्रीने दाखवतो. शिवाय आठवणीत सालांची गल्लत होतेच.

म्हणून जाणती माणसे हयात असतील तेथे लेखी संमती घेऊन आधी मुलाखती घ्याव्यात. जुनी घरे पाडून पुनर्बांधणी चालू असेल, किंवा मनुष्यबळ अगदीच कमी असेल, तर फोटोंपासून सुरुवात करणे योग्य. मात्र प्रत्येक फोटोतील नावे त्याच बैठकीत लिहून घ्यावीत.