गरोदरपणात घरच्या घरी कॉर्टिसॉल तपासण्याचं किट: माझा अनुभव

सातव्या महिन्यात माझी झोप उडाली होती. रात्री तीनला जाग यायची, छाती धडधडायची आणि एकच विचार यायचा, की माझ्या ताणाचा बाळाला त्रास होत असेल. त्या धास्तीने कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं हार्मोन, मोजणारं हे किट मागवलं. लाळेच्या चार नळ्या: उठल्याबरोबर, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना भरायच्या. नळ्या चांगल्या, पाठवणंही सोपं. पण गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येतं आणि ते लाळेत मिसळलं तर आकडा फुगतो, हे सूचनांमध्ये कुठेच नाही. माझी सकाळची नळी गुलाबीसर झाली होती, ती मी तशीच पाठवली.

रिपोर्टमध्ये चारही आकडे लाल, खाली ‘दीर्घकालीन ताणाची शक्यता’. त्या दिवशी मी खूप रडले.

पुढच्या तपासणीला तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी आधी विचारलं, “यात तुम्ही गरोदर असल्याचं कुठे लिहिलंय?” फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता! मग त्यांनी समजावलं. वार (प्लासेंटा) स्वतःच कॉर्टिसॉल वाढवणारं सीआरएच नावाचं हार्मोन बनवते, त्यामुळे शेवटच्या तिमाहीत रक्तातलं कॉर्टिसॉल एरवीच्या दुप्पट-तिप्पट होतं. लाळेतलंही वाढतं. बाळाची फुफ्फुसं तयार व्हायला कॉर्टिसॉल लागतंच. शिवाय आईकडून येणारं बरंचसं कॉर्टिसॉल वारेतलं एक एन्झाइम निष्क्रिय करून टाकतं. माझे आकडे गरोदर नसलेल्या बायकांच्या पट्टीवर मोजले गेले होते.

मला वाटलं, आता “काळजी करू नका” म्हणून घरी पाठवतील. तसं झालं नाही. त्यांनी नैराश्याची लक्षणं तपासणारी एडिनबरा प्रश्नावली दिली. 1987 साली बाळंतिणींसाठी तयार झालेली, आता गरोदरपणातही वापरतात. दहा प्रश्न, सगळे गेल्या सात दिवसांबद्दल: विनाकारण भीती वाटली का, रडू आलं का, स्वतःला इजा करावीशी वाटली का. पाच मिनिटं लागली. 30 पैकी 14 आले; आकडा जितका जास्त, तितकी लक्षणं जास्त. त्याच आठवड्यात समुपदेशन सुरू झालं.

किटला एक तारा, तोही नळ्यांसाठी. कंपनीने फॉर्मवर गरोदरपणाचा रकाना घालावा आणि तोवर गरोदर बायकांना हे विकू नये. रात्री जागणाऱ्या, घाबरलेल्या बाईला असा लाल कागद पाठवणं मला अजूनही सहन होत नाही. तुम्हालाही असं होत असेल तर तपासणीच्या वेळी ती प्रश्नावली स्वतःहून मागा.

मी दर पंधरा दिवसांनी ती भरते. परवा नऊ आले.