मोशीचा वॉर्ड की एजन्सीचं पॅकेज?

आम्ही दोघी एकाच मेडिकल कॉलेजच्या, एकाच बॅचच्या, आणि निघालोही एकाच आठवड्यात. मी टांझानियात मोशीला, केसीएमसी या टीचिंग हॉस्पिटलात, थेट अर्ज करून इलेक्टिव्हसाठी (विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या हॉस्पिटलात काही आठवडे शिकायला) गेले. मैत्रीण केनियाच्या किनाऱ्यावरच्या एका गावात गेली, डॉलरमध्ये पैसे घेणाऱ्या व्हॉलंटिअर एजन्सीमार्फत. महिन्याने परतलो तेव्हा तिच्याकडे माझ्या चौपट फोटो होते आणि किस्सेही जास्त. तरी कुणी ज्युनिअरने विचारलं की मी माझाच रस्ता सुचवते, आणि हल्ली तीही तोच सुचवते.

पण तिने एजन्सी निवडली यात वेडेपणा काहीच नव्हता. दहा दिवसांत होकार, विमानतळावर गाडी, राहायला खोली, दोन वेळचं जेवण, शनिवार-रविवार सफारी. मुलगी एकटी आफ्रिकेला निघाली म्हणून धास्तावलेल्या घरच्यांना असं पॅकेज फार पटतं. माझी तयारी सहा महिने आधी सुरू झाली: डीनच्या सहीचं पत्र, मार्कशीट, लसींचे दाखले, फी, परवाना. त्यातल्या एका सहीला आमच्याच कॉलेजात तीन आठवडे लागले. खोलीही मीच शोधली. एकूण खर्च मात्र तिच्या निम्म्याच्या आसपास आला, कारण मधला माणूस नव्हता.

खरा फरक वॉर्डात गेल्यावर कळला. दुसऱ्याच आठवड्यात मैत्रिणीच्या हातात टाके घालायचा नीडल होल्डर आला. ड्युटीवर एकटे क्लिनिकल ऑफिसर होते. (हे पद आपल्याकडे तसं नाही. केनियात तीन वर्षांचा डिप्लोमा आणि वर्षभराची इंटर्नशिप करून ही माणसं पेशंट तपासतात, औषधं लिहितात, लहानसहान शस्त्रक्रियाही करतात. लहान हॉस्पिटलं त्यांच्याच जोरावर चालतात, आणि अनुभवात ते आपल्या इंटर्नला सहज मागे टाकतील.) बाहेर रांग लागलेली, समोर पायावर कोयता लागलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा. "तू डॉक्टर ना, घाल टाके." ही तिसऱ्या वर्षाची. तिने पाच टाके घातले आणि ते बरे पडले. तो फोटो तिने टाकला, आम्ही सगळ्यांनी हार्ट दिले. भूल किती द्यायची ते आपण अंदाजाने ठरवलं आणि त्या मुलाचं वजन कुणीच केलं नव्हतं, हे तिने मला तीन महिन्यांनी सांगितलं.

मोशीत मी पहिला आठवडा नुसती उभी होते. सकाळचा रिपोर्ट इंग्रजीत, केसपेपर इंग्रजीत, पण पेशंटशी सगळं बोलणं स्वाहिलीत. तिथल्या विद्यार्थ्याने हिस्ट्री घ्यायची, मला सांगायची, मग आम्ही दोघांनी रजिस्ट्रारसमोर मांडायची. महिनाभरात मी काही वेळा रक्त काढलं, तेही कुणीतरी शेजारी उभं असताना. फोटोला काही नाही. पण एचआयव्ही असलेल्या पेशंटचं डोकं दुखतंय म्हटल्यावर क्रिप्टोकॉकसचा (मेंदूच्या आवरणाला होणाऱ्या बुरशीच्या संसर्गाचा) विचार कधी करायचा, सीटी लगेच होणार नसेल तर काय काय डोळ्यांनी पाहून ठरवायचं, हे डोक्यात बसलं. केसीएमसीच्या आवारातच त्वचारोगांचं प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र आहे. अल्बिनिझम (त्वचेत रंगद्रव्य नसणं) असलेल्या लोकांसाठीचं किलिसन हे सनस्क्रीन तिथे तयार होतं. त्या ओपीडीत माझ्याच वयाच्या मुलीच्या कानावर स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, पाहिला. आपल्या पुस्तकात तो म्हाताऱ्यांचा आजार.

भाषेचं म्हणाल तर मराठी माणसाला स्वाहिली फार परकी वाटत नाही. दवा म्हणजे औषधच, चहाला चाय, दुकानाला दुका. ताप म्हणजे होमा, रक्त म्हणजे दामू. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणायचं, त्याचा मूळ अर्थ 'पाय धरतो' असा सांगतात. आजीबाईंना शिकामो म्हटलं की त्या 'मराहाबा' म्हणून हसायच्या आणि मग हात तपासू द्यायच्या. टांझानियात या भाषेवाचून वॉर्डात पान हलत नाही. केनियात इंग्रजीवर जास्त निभावतं. युगांडाच्या राजधानीत, कंपालात, लुगांडा लागते, पण शिकलेले बरेच पेशंट इंग्रजी बोलतात. म्हणून भाषेची धास्ती असेल तर केनिया किंवा युगांडा बरं.

युगांडाचं आकर्षण म्हणजे कंपालातलं मोठं सरकारी हॉस्पिटल, मुलागो. लहान मुलांच्या ज्या कॅन्सरवर, बर्किट लिम्फोमावर, आपण व्हायवात अडकतो, त्याचं वर्णन डेनिस बर्किट यांनी इथेच काम करताना 1958 मध्ये केलं. युगांडाने सरकारी दवाखान्यांतली फी 2001 मध्ये बंद केली, तरी औषध संपलं की नातेवाइकाला बाहेर पिटाळावंच लागतं. ती 'बाहेरून आणा'ची चिठ्ठी आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. केनियात एल्डोरेटचं मोई टीचिंग अँड रेफरल हॉस्पिटलही बघा. परदेशी विद्यापीठांशी त्यांचे जुने संबंध आहेत, त्यामुळे बाहेरच्या विद्यार्थ्याला कुठे उभं करायचं हे त्यांना ठाऊक आहे. शिवाय गाव 2,000 मीटरहून उंच, हवा महाबळेश्वरसारखी.

तिसरा रस्ता विद्यार्थी संघटनांच्या एक्स्चेंजचा. आपल्याकडे एमएसएआय (मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन ऑफ इंडिया) तर्फे अर्ज होतो, चार आठवडे मिळतात, राहायची सोय यजमान करतात. स्वस्त आहे, फक्त जागा मोजक्या आणि तारखा त्यांच्या.

एक आगाऊ सल्ला. एका खाटेवर दोन पेशंट पाहून युरोपातली मुलं डायऱ्या भरतात. घाटी किंवा ससूनमध्ये रात्र काढलेल्याने त्यासाठी विमानाचं तिकीट काढू नये. सिकलसेल आणि फाल्सिपेरम मलेरियाच पाहायचा असेल तर गडचिरोलीची एसटी पकडा. आफ्रिकेला जायचं ते दुसऱ्या देशातले डॉक्टर कसा विचार करतात हे बघायला, आणि तो विचार तुमच्यासमोर मोठ्याने बोलून दाखवणारं कुणी तिथे असेल तरच.

म्हणून हॉस्पिटल आणि एजन्सी, दोन्हीकडे एकच प्रश्न ईमेलने पाठवा: मी पेशंटला हात लावेन तेव्हा शेजारी कोण असेल, आणि केसपेपरवर सही कुणाची? टीचिंग हॉस्पिटल विभागाचं नाव कळवतं. माझ्या मैत्रिणीने परतल्यावर हाच प्रश्न एका ज्युनिअरसाठी आपल्या एजन्सीला विचारला, तर सफारीचं माहितीपत्रक आलं. नाव आणि सही नीट कळवणारी एजन्सी मिळाली तर जरूर जा.

परवान्याचंही लेखी घ्या. पर्यटक व्हिसावर वॉर्डात उभं राहणं तुमच्या अंगाशी येईल, एजन्सीच्या नाही. सुई टोचली तर पीईपी (एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं) 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि 28 दिवस चालतं, तेव्हा औषध कुठून मिळेल हे पहिल्याच दिवशी विचारा. मलेरियाच्या गोळ्या इथूनच सुरू करा.

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, तीही अधिकृत केंद्रातच. केनिया किंवा युगांडाहून येणाऱ्याला भारतात उतरल्यावर ते कार्ड दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा. मैत्रिणीने ते मोठ्या बॅगेत टाकलं होतं, आणि कार्ड मागतात ते बॅगांच्या पट्ट्यापर्यंत पोचायच्या आधी.